कडेचे दहा अंश

हेल्डुरनं आधी स्वतःच्या दाराचं पाहण्याचं भोक उचकटलं,
ज्यातून तो टपालवाल्याला ओळखायचा,
आणि हेरिंगच्या रिकाम्या डब्यात बसवलं.
पहिल्या रात्रीचं आभाळ
ओल्या फळ्यावर खडू फिरवावा तसं उमटलं:
मधोमध दोन-चार धड तारे,
कडेला नुसते फराटे.
"चार युरोचं आभाळ," तो म्हणाला,
"चार युरोइतकंच दिसायचं."

मी त्याची शेजारीण, वाइके.
आमच्यामध्ये कमरेइतकं दगडी कुंपण
आणि ज्युनिपरची तीन झुडपं.
सारेमा बेटावर जून-जुलैत रात्र होतच नाही,
म्हणून तो उन्हाळाभर भिंगांबद्दल बोलत होता
आणि मी मटार सोलत होते.

तर मला कळलं ते असं.
भिंग आभाळाचा गोल करतं
आणि चौकटीवर ठेवतं.
चौकट माझ्या करंगळीच्या नखाएवढी.
गोल मोठा घ्या, तारे सुटे होतात,
पण वरून उत्तर कापली जाते, खालून दक्षिण.
गोल छोटा घ्या, सगळं मावतं,
पण कोपरे काळे, फुकट जातात,
आणि तारे दाटीवाटीनं बसतात
शेवटची फेरी चुकलेल्या माणसांसारखे,
एकाच बाकावर.
"मग कापायचं काय?" मी विचारलं.
"सगळं तिथंच तर अडलंय," तो म्हणाला,
आणि माझ्या टोपलीतला एक मटार खाल्ला.

त्याच्या टेबलावर तीन भिंगं होती.
एक सोव्हिएत काळातलं, वजनदार,
फार स्वच्छ बघणारं, पण खिडकीएवढंच.
दुसरं बोराएवढं, एकशे पंच्याऐंशी अंशांचं,
स्वतःच्या कानामागचंही बघणारं.
तिसरं एकशे साठचं, बरं, साधं,
त्याबद्दल तो कधी बोलायचा नाही.
तीन आठवडे दुसऱ्याचंच कौतुक.
त्याच्यासाठी त्यानं पारदर्शक घुमट आणला,
दव धरू नये म्हणून तारेची ऊब दिली,
बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या
माझ्याकडूनही मागून नेल्या.

ऑगस्टच्या एका संध्याकाळी
तो कुंपणापाशी बराच वेळ उभा राहिला.
माझ्या अंगणातल्या खांबावरच्या दिव्याकडे बघत.
राइवो फेरीवर कामाला आहे,
मध्यरात्रीनंतर सायकलनं घरी येतो.
एकदा अंधारात चरात पडला, मनगट मोडलं,
तेव्हापासून तो दिवा जळतो.
हेल्डुरला हे ठाऊक होतं.
त्यानं मटार कसे झालेत ते विचारलं
आणि गेला.

दुसऱ्या दिवशी छपरावर तिसरं भिंग होतं.
"कडेला काय असतं?" तो म्हणाला,
"धुकं, झाडं, समुद्राची वाफ.
दहा अंश गेले तर गेले.
कोण बघतंय तिकडं?"
मला पटलं. मला का पटू नये?

नोव्हेंबरात हिरवट उल्का पडली.
मी स्वयंपाकघरात होते,
भिंतीवरच्या पातेल्यांची सावली सरकली,
एवढंच मला दिसलं.
त्याच्या चित्रात मात्र ती डोक्यावरून निघाली,
नैर्ऋत्येला उतरली, पेटत, पेटत,
आणि गोलाच्या काठावरून
बाहेर पडली.
लाटव्हियातून विचारणा आली:
शेवट कुठं झाला, तुमच्याकडं आहे का?
त्यानं उत्तर पाठवलं, एका शब्दाचं.

त्याची लेक त्रिइन नाताळला आली
आणि दोरीवरून चादरी काढू लागता लागता सांगून गेली:
बाबांनी मोजलं होतं.
तुमचा दिवा जमिनीपासून सहा अंशांवर बसतो.
नैर्ऋत्येला.
मोठ्या भिंगात तिथं पांढरा डाग आला असता,
आणि तुम्हाला विझवायला सांगणं त्यांना जमेना.

मी चादरीची दोन टोकं धरून उभी राहिले,
तिनं ओढल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्या रात्री राइवोला विचारून
केक भाजायचा जुना पत्र्याचा साचा
दिव्यावर उपडा घातला, तारेनं आवळला.
आता उजेड फक्त पायऱ्यांवर पडतो
आणि चराच्या काठापर्यंत.
कुंपणापलीकडे काहीच जात नाही.

हेल्डुर सकाळी आला.
साचा बघितला.
थंडी वाढली म्हणाला, मीही हो म्हटलं.

सोमवारी त्याच्या छपराला शिडी लागली.